वेगळा पेला आपल्याच घरात?

२६ नोव्हेंबर, १ डिसेंबर आणि ६ डिसेंबर. अकरा दिवसांत येणाऱ्या या तीन तारखा. पहिल्या तारखेला आपण संविधानाच्या प्रास्ताविकेचे सामूहिक वाचन करतो. शेवटच्या तारखेला लाखोंच्या संख्येने चैत्यभूमीकडे धाव घेतो. ज्यांना मुंबईला जाता येत नाही ते आपापल्या विहारात मेणबत्ती लावून महामानवाला अभिवादन करतात. मधली तारीख जागतिक एड्स दिनाची. ती आपल्या दिनदर्शिकेत नाही. त्या दिवशी सरकारी दवाखान्याची रॅली निघते, शाळेची पोरे फलक धरून चालतात, पाहुण्यांच्या छातीवर लाल फीत टोचली जाते, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो छापून येतो आणि विषय संपतो. चळवळीच्या माणसाला वाटते, हा आरोग्य खात्याचा कार्यक्रम आहे, आपला त्याच्याशी काय संबंध?

संबंध आहे आणि तो फार जवळचा आहे. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या वेगळा पेला, वेगळा पाणवठा आणि वेगळे स्मशान भोगले, त्या समाजाला वेगळ्या पेल्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज पडू नये. पण आज ती पडली आहे. कारण तो पेला आता आपल्याही वस्तीत, बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर ठेवलेला दिसतो. घरातल्या ज्या माणसाच्या रक्तात एचआयव्हीचा विषाणू सापडला, त्याच्यासाठी तो राखून ठेवलेला असतो. त्याचे ताट वेगळे, अंथरूण वेगळे, कपडे धुण्याची बादली वेगळी. हे करणारे लोक वाईट आहेत असे नाही. त्यांच्या दारावर निळा झेंडा आहे, पोरांची नावे भीमराव आणि यशोधरा आहेत. म्हणूनच हा प्रश्न अधिक गंभीर आहे.

वणीचेच उदाहरण घेऊ. वणी म्हणजे काळ्या सोन्याचा तालुका. उकणी, निलजई, कोलारपिंपरीच्या कोळसा खाणी, राजूरच्या चुनाभट्ट्या, आणि वर्धा-पैनगंगेच्या खोऱ्यातली कपाशीची जमीन. रात्रंदिवस कोळशाचे ट्रक धावतात. खाणीवर आणि भट्टीवर पोट भरण्यासाठी परप्रांतातून मजूर येतो. आपलाही माणूस पोटासाठी महिनोन्‌महिने घराबाहेर राहतो. कापसाने कर्जात बुडालेला शेतकरी शेत सोडून रोजंदारीला लागतो. जेथे जेथे श्रमाला घरापासून तोडले गेले, तेथे तेथे हा विषाणू पोहोचला. मुंबईत असेच झाले, सांगलीत असेच झाले, महामार्गांवर असेच झाले. नफा खाणीचा झाला, भट्टीचा झाला, ठेकेदाराचा झाला, आजार मात्र मजुराच्या घरी गेला. आणि समाजाने हिशेब मांडताना खाण विसरली, ठेकेदार विसरला आणि फक्त मजुराच्या चारित्र्याकडे बोट दाखवले.

हे बोट दाखवण्याचे काम या भागाला नवे नाही. शेजारच्या झरी-जामणी तालुक्यात बाहेरून आलेल्या ठेकेदारांनी आणि व्यापाऱ्यांनी गरीब कोलाम मुलींना फसवले आणि निघून गेले. फसवणारे उजळ माथ्याने फिरले. 'कुमारी माता' हा शिक्का मात्र त्या मुलींच्या कपाळावर कायमचा बसला. एचआयव्हीच्या बाबतीतही तोच शिक्का, तोच न्याय आणि बहुतेक वेळा कपाळही बाईचेच.

ते कसे होते, हे समजून घेतले पाहिजे. गरोदर बाई तपासणीला सरकारी दवाखान्यात जाते. तेथे इतर तपासण्यांबरोबर तिची एचआयव्हीची चाचणी होते. नवऱ्याची चाचणी आजवर कोणी केलेली नसते, कारण त्याला दवाखान्यात जाण्याचे कारणच पडलेले नसते. म्हणजे घरात पहिला अहवाल येतो तो सुनेचा. आणि ज्याचा अहवाल पहिला, त्याने आजार आणला, असा निकाल सासरचे लोक त्याच संध्याकाळी देऊन मोकळे होतात. पुढे नवरा आजारी पडतो, दारूत जातो किंवा क्षयाने मरतो. तेराव्याच्या आत, आपल्यात म्हणाल तर पुण्यानुमोदनाच्या आत, घराचा, शेताचा आणि नोकरीच्या पैशांचा विषय निघतो. "तूच त्याला खाल्लंस," असे ऐकवून तिला लेकरांसह माहेरी धाडले जाते. माहेरी भाऊ म्हणतो, "राहा ताई, पण आपल्या लेकरांना वेगळं निजव." ज्या नवऱ्याने विषाणू घरी आणला त्याच्या फोटोला हार, आणि जिने त्याची शुश्रूषा केली तिच्या वाट्याला वेगळा पेला!

अशी एखादी बाई सकाळच्या एसटीत बसलेली असते. वणीहून यवतमाळ शंभर किलोमीटरच्या वर आहे. औषध जवळ मिळण्याची सोय झाली तरी अनेक माणसे मुद्दाम दूरच्या जिल्ह्यातल्या केंद्रात नाव नोंदवतात, कारण जवळच्या केंद्राच्या रांगेत ओळखीचा माणूस भेटण्याची भीती. एक दिवसाची मजुरी बुडते, तिकिटाचे पैसे जातात, घरी खोटे कारण सांगावे लागते. परत येताना गोळ्यांच्या डबीवरचा कागद खरवडून काढला जातो. डबी हलली की खुळखुळते, म्हणून तिच्यात कापूस कोंबला जातो आणि ती तांदळाच्या डब्यात लपवली जाते. पाहुणे आले की त्या रात्रीची गोळी चुकते. दिवाळीला घर भरले की चार गोळ्या चुकतात. गोळ्या वारंवार चुकल्या की विषाणू त्या औषधाला जुमानेनासा होतो आणि माणूस पुन्हा खंगू लागतो. दवाखान्याच्या कागदावर मृत्यूचे कारण क्षय किंवा न्यूमोनिया लिहिले जाते. खरे कारण लिहायला त्या कागदावर रकाना नाही. ती बाई गोळीअभावी मेलेली नसते. शेजाऱ्याच्या नजरेला भिऊन मेलेली असते.

आता विज्ञान काय सांगते ते स्पष्टपणे मांडू, कारण बुद्धाच्या अनुयायांना तपासून पाहिल्याशिवाय काहीही मानण्याची मुभा नाही. एचआयव्ही म्हणजे एड्स नव्हे. एचआयव्ही हा विषाणू. उपचार झाला नाही आणि शरीराची प्रतिकारशक्ती ढासळली, तर त्या शेवटच्या अवस्थेचे नाव एड्स. हा विषाणू असुरक्षित लैंगिक संबंधातून, दूषित रक्तातून, दूषित सुईतून आणि आईकडून बाळाला जातो. एका ताटात जेवल्याने, एका पेल्याने पाणी प्यायल्याने, हात हातात घेतल्याने, मिठी मारल्याने, डास चावल्याने किंवा एकच संडास वापरल्याने तो जात नाही. हे गेली चाळीस वर्षे जगभर सिद्ध झालेले आहे.

औषधाची गोष्ट तर याहून मोठी आहे. एके काळी ही औषधे श्रीमंत देशांतल्या माणसांसाठीच होती, वर्षाला लाखो रुपये लागत. २००१ साली सिप्ला या भारतीय कंपनीच्या युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी खर्चात देण्याची तयारी दाखवली आणि बड्या विदेशी कंपन्यांची मक्तेदारी हादरली. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने मोफत उपचार सुरू केला, मुंबईचे जे. जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांपैकी एक होते. २०१७ पासून चाचणी सकारात्मक आली की लगेच, प्रतिकारशक्ती किती आहे याची वाट न पाहता, औषध सुरू करण्याचे धोरण आले. आज बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. ती नियमित घेतली तर माणूस इतरांसारखे आयुष्य जगतो, काम करतो, म्हातारा होतो. रक्तातल्या विषाणूचे प्रमाण चाचणीत सापडण्याइतकेही उरले नाही आणि ते तसेच टिकून राहिले, तर त्याच्यापासून लैंगिक संबंधातूनही जोडीदाराला लागण होत नाही. उपचार नसेल तर आईकडून बाळाला विषाणू जाण्याचा धोका शंभरात १५ ते ४५ असतो. योग्य उपचाराने तो ५ च्या खाली येतो. म्हणजे एचआयव्हीसह जगणारी आई निरोगी बाळाला जन्म देऊ शकते.

भारतात आज सुमारे २५ लाख माणसे एचआयव्हीसह जगत आहेत आणि त्यांपैकी संख्येने सर्वांत जास्त, जवळपास ४ लाख, आपल्या महाराष्ट्रात आहेत. गोळी त्यांच्या हाती पोहोचली. मग पेला वेगळा का राहिला?

याचे उत्तर 'पाप' या शब्दात आहे. कर्करोग झाला तर माणसे हळहळतात. मधुमेह झाला तर गोड खाऊ नका म्हणतात. एचआयव्ही झाला तर म्हणतात, "केलं ते भोगा." हे वाक्य नीट ऐका. ते आपल्या ओळखीचे आहे. हजारो वर्षे आपल्या बापजाद्यांना हेच ऐकवले गेले. तुम्ही गावकुसाबाहेर का, तर मागच्या जन्मीचे पाप. तुमची सावली विटाळ का, तर पूर्वकर्म. माणसाच्या दुःखाचे कारण व्यवस्थेत न शोधता त्याच्या पापात शोधायचे आणि मग त्याला मारणाऱ्यांनी हात झटकायचे, हा मनुवादाचा जुना धंदा. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माने आजचे दुःख ठरते हा सिद्धान्त नाकारला, तो एवढ्याचसाठी. हा सिद्धान्त मानला तर गरिबाच्या गरिबीला आणि अस्पृश्याच्या अपमानाला कोणीच जबाबदार राहत नाही. मग ज्यांनी १९५६ साली तो सिद्धान्त दीक्षाभूमीवर पुरून टाकला, त्यांच्या घरात तो एचआयव्हीच्या निमित्ताने पुन्हा उकरून का काढला जातो? केलं ते भोगा, असे म्हणताना आपल्या तोंडून मनू बोलतो, हे आपल्या लक्षात तरी येते काय?

येथे काही मित्र आक्षेप घेतील. ते म्हणतील, अस्पृश्यता जन्माने मिळते, आजार जन्माने मिळत नाही. दोन्ही एका पारड्यात घालून जातीच्या प्रश्नाचे गांभीर्य कमी करू नका. हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर दिले पाहिजे. जात आणि आजार एक नव्हेत. गोळीने एचआयव्ही आटोक्यात येतो, जातीवर अशी गोळी निघालेली नाही. विषाणू जात पाहत नाही, तो सवर्णाच्या बंगल्यातही जातो. पण बंगल्यातला माणूस नागपूरच्या खासगी डॉक्टरकडे मोटारीने जातो, रोख पैसे देतो, त्याची फाइल बंद कपाटात राहते. आपला माणूस सरकारी रांगेत उभा राहतो. त्याचे नाव मोठ्याने पुकारले जाते. त्याची बातमी त्याच्या आधी वस्तीत पोहोचते. तेव्हा विषाणू जात पाहत नसला तरी कलंक जात पाहतो. आधीच अस्पृश्य म्हणून हिणवलेल्या माणसावर तो दुसरी अस्पृश्यता लादतो. जातीच्या प्रश्नाला धार यायची असेल तर या दुसऱ्या अस्पृश्यतेकडे डोळेझाक करून चालणार नाही.

२९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम स्वीकारले. मसुद्यातले ते कलम ११, आज कलम १७. अस्पृश्यतेचे कोणत्याही स्वरूपातले आचरण त्याने निषिद्ध ठरवले. कोणत्याही स्वरूपातले, हे शब्द सैल हाताने लिहिलेले नाहीत. अस्पृश्यता रूप बदलते, हे बाबासाहेबांइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक होते?

आजाराच्या नावाखाली तिने काय काय रूपे घेतली ते पाहा. १९८९ साली गोव्यात डॉमनिक डिसोझा नावाचा तरुण स्वेच्छेने रक्तदान करणारा. त्याच्या रक्तात विषाणू सापडला. पोलिसांनी त्याला म्हापशात उचलले आणि क्षयरोग्यांच्या जुन्या दवाखान्यात पहाऱ्यात कोंडून ठेवले. त्याचा गुन्हा काही नव्हता. गोव्याच्या आरोग्य कायद्यात तशी तरतूदच केलेली होती. ६४ दिवस तो कोंडलेला होता. त्याच्या आईने न्यायालयाचे दार ठोठावले. तो बाहेर आला, पण विलगीकरणाची तरतूद न्यायालयाने उचलून धरली. तो गप्प बसला नाही, उघडपणे बोलला, आपल्यासारख्यांची संघटना उभी करण्याच्या कामाला लागला आणि १९९२ साली गेला.

दुसरे उदाहरण आपल्या मजुरांच्या अधिक जवळचे. मुंबईत एका सार्वजनिक उपक्रमात एक माणूस वर्षानुवर्षे हंगामी कामगार म्हणून राबला. कायम करण्याची वेळ आली तेव्हा वैद्यकीय तपासणीत एचआयव्ही निघाला आणि त्याला कामावरून दूर केले. तो माणूस धडधाकट होता, काम करू शकत होता. त्याने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. १९९७ साली न्यायालयाने निकाल दिला की, काम करण्यास सक्षम असलेल्या आणि इतरांना धोका नसलेल्या माणसाला केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही. त्याला पुन्हा कामगारांच्या यादीत घेण्याचा आणि बुडालेल्या कमाईपोटी ४० हजार रुपये देण्याचा आदेश झाला. निकालात त्याचे नाव नाही. दोन इंग्रजी अक्षरांनी तो ओळखला जातो. न्यायालयाने ही मुभा दिली, कारण नाव उघड झाले असते तर खटला जिंकूनही तो वस्तीत हरला असता. एका हंगामी मजुराने देशभरच्या मजुरांसाठी वाट पाडली आणि त्याचे नाव आपल्याला घेता येत नाही. आपल्या समाजाची याहून मोठी लाज कोणती?

तिसरे उदाहरण मुलांचे. २००९ साली लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातील हासेगाव येथे रवी बापटले यांच्या 'सेवालय' या संस्थेतली एचआयव्हीसह जगणारी मुले गावच्या शाळेत बसू लागली. गावाने विरोध केला. पालकांनी आपापली मुले शाळेतून काढून घेतली. वर्गात एकटे बसवलेले मूल म्हणजे काय, हे आंबेडकरी माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. घरून गोणपाट नेऊन वर्गात वेगळा बसणारा भीमा सकपाळ आपण विसरलो नसू, तर हासेगावच्या वर्गातले ते मूल आपलेच आहे.

या सगळ्या लढ्यांनंतर २०१७ साली संसदेने एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा केला. १० सप्टेंबर २०१८ पासून तो देशभर लागू आहे. आपल्या किती कार्यकर्त्यांना तो ठाऊक आहे? अॅट्रॉसिटीचा कायदा आपल्याला तोंडपाठ आहे, आणि तो असायलाच हवा. या कायद्याचे मात्र नावही वस्तीत पोहोचलेले नाही. या कायद्याने नोकरी, उपचार, शिक्षण, घरभाडे, विमा यांत भेदभाव करण्यास मनाई केली. संमतीशिवाय चाचणी करता येत नाही. अहवाल संमतीशिवाय तिसऱ्याला सांगता येत नाही. सासरच्या घरात राहण्याचा हक्क बाईला आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना दिला. त्यांना घराबाहेर काढता येत नाही. आईबाप गेलेल्या घरात बारा ते अठरा वयाचे समजदार भावंड धाकट्यांचे पालक म्हणून उभे राहू शकते. न्यायालयात नाव गुप्त ठेवून दाद मागता येते. एचआयव्ही असलेल्यांविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्याला तीन महिने ते दोन वर्षे कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. शंभर किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत, आणि दवाखाना असेल तर वीस माणसांतही, तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. राज्याने लोकपाल नेमायचा आहे. त्याने तीस दिवसांत आणि उपचार अडला असेल तर शक्यतो चोवीस तासांत आदेश द्यायचा आहे.

कायदा कागदावर चांगला. पण त्यात एक खाच ठेवलेली आहे. औषधोपचार पुरवण्याच्या कलमात सरकारने 'शक्य असेल तेथवर' अशा अर्थाचे शब्द घालून स्वतःची सुटका करून घेतली. २०२२ साली औषधांचा तुटवडा पडला तेव्हा एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसांना दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या कार्यालयाबाहेर महिनाभराहून अधिक काळ धरणे धरावे लागले. औषध हा हक्क असेल तर त्याला 'शक्य असेल तेथवर' ही शेपटी कशाला? संजय गांधी निराधार योजनेत एचआयव्हीसह जगणाऱ्यांचा समावेश आहे. पण तो अर्ज तलाठ्यापासून तहसीलपर्यंत ज्या ज्या टेबलावरून जातो, त्या प्रत्येक टेबलावर माणसाचे गुपित उघडे पडते. महिन्याच्या तुटपुंज्या रकमेसाठी वस्तीतली उरलीसुरली इज्जत गहाण टाकायची की उपाशी राहायचे, हा पेच शासनाने निर्माण केला आहे आणि तो शासनानेच सोडवला पाहिजे. अर्जावर आजाराचे नाव न लिहिता, वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सांकेतिक दाखल्यावर मदत देणे अवघड नाही.

शासनाला जाब विचारण्याचे काम आपण करूच. पण आज आरसा आपल्याकडेही फिरवला पाहिजे. चळवळीच्या सभेत आपण हा विषय का घेत नाही? कारण तो 'घाण' विषय वाटतो. बायामाणसांसमोर कसा बोलायचा, असे वाटते. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब कामाठीपुऱ्यातल्या स्त्रियांसमोर, देवदासी, मुरळी, जोगतिणींसमोर उभे राहिले. त्यांनी त्यांना ती वाट सोडण्यास कठोरपणे सांगितले, पण सांगण्यासाठी आधी त्यांना सभागृहात बोलावले, समोर बसवले, आपली माणसे म्हणून त्यांच्याशी बोलले. ज्या विषयावर बोलण्याची बाबासाहेबांना लाज वाटली नाही, तो विषय विहारात काढायला आपण का कचरतो?

भाषेचेही तेच. 'एड्सवाला', 'एड्सग्रस्त', 'ती लागलेली बाई' हे शब्द आपल्या तोंडी सहज येतात. नावात काय आहे, असे आपण तरी म्हणू नये. 'हरिजन' हे गोड नाव झुगारणारी आपली चळवळ आहे. माणसाचे नाव दुसऱ्याने ठेवले की त्याची जागाही दुसराच ठरवतो, हे आपण शिकलो. मग ज्याला विषाणूसह जगावे लागते त्यालाही त्याच्या नावाने, भाऊ, ताई, काका, मावशी म्हणून हाक मारावी.

कलंक आजारापेक्षा चिवट असतो, याचा पुरावा वणीपासून फार दूर नाही. वर्धा नदी ओलांडली की वरोरा. तेथे बाबा आमटे यांनी १९४९ साली कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन उभारले. कुष्ठरोगावर खात्रीचा औषधोपचार येऊन चार दशके झाली. तरी कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण कायद्यातून काढून टाकायला २०१९ साल उजाडावे लागले. औषध लवकर येते, माणूस उशिरा येतो. एचआयव्हीच्या बाबतीत आपणही तेवढीच वाट पाहायची काय?

तथागतांच्या आयुष्यातला एक प्रसंग बाबासाहेबांनी आपल्या धम्मग्रंथात घेतला आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडला होता. इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते, कारण तो त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता. तथागत आणि आनंद तेथे गेले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, दोघांनी उचलून बिछान्यावर ठेवले. मग तथागतांनी संघाला बोलावून सांगितले की, ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी. दर रविवारी विहारात वंदना घेणाऱ्या आपल्याला याहून स्पष्ट आज्ञा कोणती हवी? सावित्रीमाईने तर हे जगून दाखवले. १८९७ च्या प्लेगमध्ये, स्पर्शाने मरण येऊ शकते हे माहीत असताना, तिने रुग्णांची सेवा केली आणि १० मार्चला स्वतः प्लेगने गेली. आपल्याला तर जिवाचा धोकाही पत्करायचा नाही. एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसाच्या ताटात जेवल्याने काहीही होत नाही. फुकटात करता येणारी करुणाही आपल्याला जड होत असेल, तर जयंतीच्या मिरवणुकीचा खर्च कशासाठी?

म्हणून वणी, राजूर आणि आजूबाजूच्या वस्त्यांतील कार्यकर्त्यांना, महिला मंडळांना आणि तरुणांना आमचे सांगणे आहे. येत्या २६ नोव्हेंबरला प्रास्ताविकेबरोबर २०१७ च्या या कायद्याचेही वाचन विहारात झाले पाहिजे. १ डिसेंबरला डॉक्टरांना विहारात बोलावून लोकांच्या मनातले सर्व प्रश्न, वेडेवाकडे प्रश्नही, उघडपणे विचारू द्या. चाचणी करून घेण्यात कार्यकर्त्यांनी आणि त्यांच्या घरातल्या पुरुषांनी पुढे व्हावे, म्हणजे पहिला अहवाल सुनेचाच येणार नाही. खाणी, कारखाने, दवाखाने आणि महाविद्यालयांत तक्रार अधिकारी नेमला आहे काय, याची माहिती अधिकारात विचारणा करा. विधवेला घराबाहेर काढले जात असेल तर अन्याय-अत्याचाराच्या इतर प्रकरणांत जसे धावून जाता तसे जा. पण एक पथ्य पाळा. कोणाला एचआयव्ही आहे हे शोधत फिरू नका, कळले तर सांगत फिरू नका. त्या माणसाचे गुपित ही त्याची मालमत्ता आहे. वस्ती अशी करा की त्याला ते लपवण्याची गरजच वाटू नये. सांगायचे की नाही हे त्याचे त्याने ठरवावे.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याच्या पाण्याची ओंजळ ओठी लावली, ती तहान भागवण्यासाठी नव्हती. माणसाने माणसाजवळ बसून एकाच पाण्याला हात लावावा, हा हक्क सांगण्यासाठी होती. ६ डिसेंबरला मेणबत्ती लावून घरी परत याल तेव्हा फळीवर नजर टाका. तेथे एखादा पेला वेगळा ठेवलेला दिसला, तर तो उचला, घरातल्या माठातले पाणी त्यात भरा, अर्धे तुम्ही प्या आणि अर्धे त्याला द्या. महाडचा संगर त्या घरापुरता तरी त्या दिवशी पूर्ण होईल.